मारी साले: नर्तकी की बॅलेरिना? आणि नृत्त की नृत्य?

प्रश्न
अठराव्या शतकातल्या मारी साले (1707–1756) या फ्रेंच कलावतीवर लिहिते आहे. तिला मराठीत 'बॅलेरिना' म्हणावं की 'नर्तकी'? तिची समकालीन मारी कामार्गो हिच्याहून तिचं वेगळेपण नेमकं कोणत्या शब्दाने सांगता येईल?

उत्तर १
'नर्तकी' लिहा. 'बॅलेरिना' मूळचा इटालियन. पॅरिसच्या ऑपेरात तेव्हा 'दाँसोझ' म्हणत, आणि त्याचा अर्थ नर्तकी एवढाच.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आपल्या शास्त्रात तयार आहे. धनंजयाच्या 'दशरूपक' या नाट्यविषयक संस्कृत ग्रंथात नृत्य हे भावाश्रय, म्हणजे भावावर उभं, आणि नृत्त हे ताललयाश्रय, म्हणजे ताल-लयीवर उभं. कामार्गोने 1726 मध्ये पॅरिस ऑपेरात पदार्पण केलं, ते पायांच्या बळावर. उंच उडी घेऊन हवेतच पावलांची झटपट अदलाबदल करायची, ही 'आंत्रशा' तोवर पुरुषांची मानली जाई. ती तिने आपलीशी केली. पायांचं काम दिसावं म्हणून घागराही आखूड केला. हे नृत्त.

सालेने 1734 मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डन नाट्यगृहात 'पिग्मालियन' हे नृत्यनाट्य केलं. शिल्पकाराने घडवलेली मूर्ती जिवंत होते, अशी ती कथा. घागरा फुगवणारा कमरेचा सांगाडा तिने टाकला, केस मोकळे सोडले, डोक्यावर एकही दागिना नाही. अंगावर ग्रीक पुतळ्यासारखं चापूनचोपून घेतलेलं साधं मलमलीचं वस्त्र. हे नृत्य, निःसंशय.

उत्तर २
नृत्त-नृत्य ही शब्दांची जोडी सुंदर आहे, पण दोघींना दोन खणांत बंद करू नका. दोघी फ्रान्स्वाझ प्रेव्होच्या शिष्या. या प्रेव्होनेच 1714 मध्ये पॅरिसजवळच्या सो या गावी दरबारी सोहळ्यात एक शोकप्रसंग शब्दांवाचून, केवळ अभिनयातून उभा केला होता. म्हणजे भावाचं बीज गुरूकडेच होतं. 'नृत्यप्रधान' आणि 'नृत्तप्रधान' म्हटलंत तर अन्याय होणार नाही.

आणखी एक. सालेच्या त्या वस्त्राला 'वेशभूषेतला बदल' म्हणणं मला फार तोकडं वाटतं. आपल्याकडे आंगिक, वाचिक, सात्त्विक यांच्या जोडीला आहार्य अभिनय आहे, म्हणजे वेषानेही अर्थ सांगायचा असतो. दगडाची मूर्ती फुगीर दरबारी घागऱ्यात आली असती तर गोष्टच कोसळली असती. तिथे वस्त्र हाच अभिनय होता. 'आहार्य' लिहा, जाणकार वाचकाला तिची झेप लगेच कळेल.

प्रश्नकर्ती
'आहार्य' घेतेच. 1735 मध्ये संगीतकार हेन्डेलच्या 'आल्चिना' या ऑपेरात तिने कामदेवाची भूमिका नाचून केली, पुरुषी वेषात, आणि लंडनच्या प्रेक्षकांनी हुर्यो केली. तिथे 'पुरुषवेष' चालेल?

उत्तर १
चालेल. 'वेषांतर' मात्र नको; त्यात ओळख लपवण्याचा अर्थ येतो, आणि तिला काहीच लपवायचं नव्हतं. 'आंत्रशा' तसाच ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे अर्ध्या वाक्यात ती उडी समजावून सांगा.