मदत हवी आहे : दिवाळीत पणजीहून एका दिवसात जाऊन येण्यासारखं काय? (सोबत एक गुडघा आणि एक ४ वर्षांचं कार्टं)

नमस्कार मंडळी,

नवऱ्याच्या बदलीमुळे आम्ही दीड वर्षापूर्वी इचलकरंजीहून पणजीला आलो, राहायला ताळगावात. दिवाळीत सासू-सासरे आणि नणंद तिच्या दोन पोरांना घेऊन सहा दिवस येतायत, म्हणजे आम्ही दोघं धरून एकूण सात जण. सासरे ७१ वर्षांचे, डायबेटिस, उजवा गुडघा गेलेला, पायऱ्या कशाबशा चढतात पण उतरताना कुणाचा तरी खांदा लागतो, आणि तासा-दीड तासाने बाथरूम लागतंच. सासूबाई एकदम ठणठणीत पण त्यांना गाडी लागते. भाची ११ ची आहे, तिला कशातच इंटरेस्ट नाही असं ती स्वतःच सांगते. भाचा ४ चा, त्याला पाणी आणि वाळू सोडून जगात काही नको.

अट एकच, रात्री झोपायला घरी. स्वतःचं घर असताना भाड्याच्या गादीवर झोपायचं हे सासऱ्यांना पटतच नाही.

आता खरी अडचण सांगते. मे महिन्यात सासू-सासरे आले होते तेव्हा मी हौसेने प्लॅन केला होता, सकाळी मंगेशी, मग कवळ्याची शांतादुर्गा, मग तसंच पुढे कुळ्याला जाऊन जीपने दूधसागर. कागदावर काय झकास दिसत होतं! कुळ्याला पोचायलाच पावणेएक वाजला आणि तोवर त्या दिवसाचे जीपचे नंबर संपले होते. उन्हात टपरीच्या बाकड्यावर सासरे बसले ते घामाघूम, हात थरथरायला लागले, शुगर खाली आलेली. माझ्या पर्समध्ये पाण्याची बाटली पण रिकामी, सापडलं काय तर मंगेशीचा प्रसाद, त्यातल्या खडीसाखरेवर वेळ निभावली. परत येताना गाडीत कुणी बोलत नव्हतं. फोंडा गेल्यावर सासूबाई एवढंच म्हणाल्या, "म्हाळसा राहिलीच की गं."

त्यांच्या माहेरचं कुलदैवत म्हार्दोळची म्हाळसा. मंगेशीपासून जेमतेम एक किलोमीटर आणि मी घाईत गाडी तशीच पुढे घ्यायला लावली होती. तेव्हापासून तो एक किलोमीटर माझ्या डोक्यात बसलाय.

तर यावेळी काय करू सांगा. म्हाळसा पक्की, बाकी सगळं बदलता येईल. गाडी आमची पाच सीटर आहे त्यामुळे भाड्याने घ्यावी लागेल.

---

मांडवीकाठ :

ताई, तुमचा प्लॅन चुकला नव्हता, दोन दिवसांचा होता आणि तुम्ही तो एका दिवसात कोंबलात. गोवा नकाशावर एवढुसं दिसतं म्हणून सगळे असेच फसतात, आमचे पाहुणे पण दक्षिण टोकाचं पाळोळे आणि उत्तरेचं हणजुण एका दिवसात बघायचं म्हणतात. एका दिवशी एकच दिशा धरा आणि दुपारी दोनला जेवण होऊन गाडी घराकडे वळलीच पाहिजे असा हिशोब ठेवा, मग उशीर झाला तरी संध्याकाळ हातात राहते.

दुसरं, नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री पणजीत नरकासुर असतात, गल्लोगल्ली, रात्रभर डीजे, पहाटे जाळतात. भाचीचा इंटरेस्ट नक्की जागा होईल. पण दुसऱ्या दिवशी सकाळी कुठेही जायचं ठरवू नका, अर्धं शहर झोपलेलं असतं आणि तुम्ही पण झोपलेलेच असाल. त्या दिवशी शेजाऱ्यांकडे फोव म्हणजे पोहे खायला जा. दुधातले, ताकातले, बटाट्याचे, गुळाचे, रोसातले (नारळाच्या रसातले), मोजत बसलात तर दुपार होते.

सासऱ्यांना वाचनाची आवड आहे का? असेल तर तीन फेऱ्यांचा रस्ता सुचवतो.

---

इचलकरंजीची सून (धागाकर्ती) :

आवड म्हणजे काय विचारता, रिटायर झाल्यापासून शिवचरित्राची पारायणं चालू आहेत. तीन फेऱ्या म्हणजे फेरीबोट ना? नीट सांगा.

---

मांडवीकाठ :

हो फेरीबोट. सकाळी आठच्या सुमाराला रायबंदरला जा, तिथून गाडीसकट फेरीने चोडण. चोडणच्या धक्क्याला लागूनच सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, दोन चौरस किलोमीटरपेक्षा कमीच पण सगळं खारफुटीचं. ओहोटी असेल तर चिखलात एक नांगी मोठी असलेले खेकडे आणि परांवर सरपटणारे ते मासे दिसतात, ४ वर्षांच्या पोराला पक्ष्यांपेक्षा तेच आवडतात असा स्वानुभव. होडीतून आत जायचं तर मात्र भरती लागते, त्यामुळे आदल्या दिवशी भरती-ओहोटीची वेळ बघून दोन्हीतलं एक ठरवा.

चोडणहून पूल ओलांडून मयेला जायचं, तळ्यापाशी चहा-बाथरूम उरकायचं, तिथून नार्वे. नार्व्याचा सप्तकोटेश्वर म्हणजे गोव्याच्या कदंब राजांचं दैवत. मूळ देऊळ समोरच्या दिवाडी बेटावर होतं, ते पोर्तुगीजांनी पाडलं, लिंग नदीपलीकडे नार्व्याला आणलं आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी इथल्या देवळाचा जीर्णोद्धार करायला लावला. दारावर तसा शिलालेख आहे. सासरे तिथून लवकर हलणार नाहीत, तासभर धरूनच चला.

मग नार्व्याहून दुसरी फेरी दिवाडीला आणि दिवाडीहून तिसरी ओल्ड गोव्याला. म्हणजे देव ज्या नदीवरून तिकडे गेला त्याच नदीवरून आपण परत येतो. ओल्ड गोव्याला फेरीतून उतरलं की समोरच व्हाइसरॉयची कमान, पूर्वी नवा व्हाइसरॉय याच कमानीतून शहरात शिरायचा. बाँ जेझूस चर्च तिथून पाच मिनिटांवर. चर्च सपाटीला आहे, गुडघ्याला त्रास नाही, फक्त खांदे-गुडघे झाकलेले कपडे घाला. पुराणवस्तू संग्रहालय बघायचं असेल तर शुक्रवार टाळा.

फेरीत गाडी चढवताना ड्रायव्हर सोडून बाकीच्यांना उतरून चालत चढू दे, सासऱ्यांना सगळ्यात आधी चढवा. लोखंडी फळी धक्क्यावर खरवडत टेकते तेव्हा मागच्या बाइकवाल्यांना भारी घाई असते.

---

म्हार्दोळकार :

म्हाळसेबद्दल मी सांगतो, माझं घर देवळाच्या मागे आहे. मंगेशीला रस्त्यापासून लांब चालावं लागतं आणि वर पायऱ्या, म्हार्दोळला तसं नाही, गाडी जवळ जाते. म्हणून आधी म्हाळसा करा, पाय ताजे असतात आणि मनातलं काम आधी होतं. मंगेशी उलट येताना, तेही सासरे हो म्हणाले तर.

पटांगणातली पितळेची उंच समई लहान पोरांना जरूर दाखवा, मान वर करून वर्तुळं मोजायला सांगा, दहा मिनिटं शांतता मिळते. बाहेर बायका फुलं घेऊन बसतात, ओटीबरोबर अबोलीचा वळेसर (गजरा) घ्या.

आणि सासूबाईंना माहीत असेलच पण म्हाळसा मूळची वेर्ण्याची, मंगेश कुठ्ठाळीचा, शांतादुर्गा केळशीची. सोळाव्या शतकात तिकडे देवळं पाडायला लागले तेव्हा लोकांनी रातोरात देव उचलून नदीपलीकडे आणले, कारण फोंडा तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात नव्हता. सगळी मोठी देवळं एकाच तालुक्यात दाटीने का आहेत असं पाहुणे विचारतात त्याचं उत्तर हे.

जेवण मंगेशीजवळच्या शाकाहारी हॉटेलात. खतखतें (बऱ्याच भाज्यांची मिसळ) मिळालं तर सोडू नका.

---

भटक्या_६६ :

एवढी माणसं गोव्यात येतायत आणि समुद्र कुठेच नाही?? कळंगुट, बागा, आग्वाद एका दिवसात आरामात होतं की. १६१२ चा किल्ला आहे, सासऱ्यांना पण इतिहास मिळेल.

---

इचलकरंजीची सून (धागाकर्ती) :

दादा, आग्वाद आम्ही पहिल्या महिन्यातच बघितला, छान आहे, पण दिवाळीच्या सुट्टीत कळंगुटच्या रस्त्यावर गाडीत बसून सासऱ्यांना बाथरूम लागलं तर काय करायचं ते पण सांगा 😅 समुद्र हवाच आहे, भाच्यासाठी. पण गर्दी नको आणि लाटा लहान हव्यात. पाळोळे सगळे सांगतात, ते जमेल का?

---

काळीपाटी :

मी रेंट-अ-कॅबचा धंदा केलाय बारा वर्षं म्हणून आधी गाडीचं. सात जणांना सात सीटरच घ्या आणि नंबर प्लेट काळी, अक्षरं पिवळी आहेत ना ते बघूनच पैसे द्या. पांढऱ्या प्लेटची प्रायव्हेट गाडी कुणी ओळखीत स्वस्तात देतो म्हणाला तरी घेऊ नका, पोलिसांनी धरलं तर दंड, आणि भर उन्हात रस्त्याकडेला उभे राहाल तुम्ही. घेताना चारी बाजूंचा व्हिडिओ काढा. सात सीटरची शेवटची सीट भाचीला द्या, गाडी लागणाऱ्या माणसाला तिथे अजिबात बसवू नका, सासूबाई पुढे ड्रायव्हरशेजारी.

पाळोळे पणजीहून ७० किमी. नवा झुवारी पूल झाल्यापासून कुठ्ठाळीचा खोळंबा गेला, पण केपे तालुका ओलांडून काणकोणात शिरताना करमलचा घाट लागतो, वळणावर वळण. गाडी लागणाऱ्यांची तिथे परीक्षा असते. किनारा खरंच छान, अर्धगोल आणि उथळ, पण जाऊन-येऊन चार तास गाडीत जातात. मी असतो तर तुमच्या मंडळींना नेलं नसतं.

त्याऐवजी बोगमाळो. घाट नाही, तासाभराचा रस्ता. आधी तिथलं नौदलाचं विमान संग्रहालय बघायचं, बाहेर मैदानात सी हॅरियर, सुपर कॉन्स्टेलेशन अशी खरी विमानं उभी आहेत, सगळं सपाट, बसायला जागा. सोमवारी बंद. मग खाली किनारा. अजून जवळ हवं तर शिरदोण, तुमच्या ताळगावहून वीसेक मिनिटं, झुवारीच्या मुखावर आहे त्यामुळे लाटा नाहीतच म्हणा, शिंपले भरपूर. ओहोटीला चिखल होतो एवढंच. जीवरक्षकांचा लाल झेंडा असेल तिथे घोट्याएवढ्या पाण्यात पण पोराला सोडू नका, लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्येच खेळवा.

---

म्हार्दोळकार :

दूधसागर मनात असेल तर सासऱ्यांना नेऊ नका. जीप नदीतून, खड्ड्यांतून पाऊणएक तास हाडं खिळखिळी करते आणि उतरल्यावर परत दगडांवरून चालायचं असतं. नणंद, भाची आणि तुमचा नवरा असे तिघे जाऊ देत, पहाटे निघून. दिवाळीत गर्दी असते, सकाळी सातला कुळ्यात पाहिजेत. तुम्ही बाकीचे घरी करंज्या करा. रेल्वेच्या रुळांवरून चालत जायचं कुणी सुचवलं तर ऐकू नका, बंदी आहे.

---

इचलकरंजीची सून (धागाकर्ती) :

सगळ्यांचे आभार. काल रात्री मंडळी परत गेली, म्हणून सविस्तर लिहिते, पुढे कुणाला उपयोग होईल.

दूधसागर आणि पाळोळे दोन्ही काट मारले. पहिला दिवस शिरदोण, भाचा पाण्यातून निघेना, सासरे खुर्ची टाकून पेपर वाचत बसले. नरकासुर बघायला भाची रात्री दोनपर्यंत जागी होती आणि आता आमच्या गल्लीतल्या मंडळाचं कसं चुकलं आणि पणजीतल्याच मळा भागातल्यांचं कसं भारी होतं यावर ती तासभर बोलू शकते. बोगमाळोला विमानं बघून नणंदेचंच लहान पोर झालं.

तीन फेऱ्यांच्या दिवशी घोळ झाला. नार्व्याला सासऱ्यांनी दीड तास घेतला. शिलालेख बोटाने हवेत गिरवत वाचला, नवऱ्याला वाचायला लावला, मग मला. त्यामुळे दिवाडीची फेरी डोळ्यांसमोर सुटली आणि पुढच्या फेरीपर्यंत धक्क्यावर बसावं लागलं. यावेळी पर्समध्ये राजगिऱ्याचे लाडू, बिस्किटं आणि दोन बाटल्या पाणी होतं, त्यामुळे काही वाटलं नाही. चर्च बघायला पोचलो तेव्हा चार वाजले होते, दोनला घरी वळायचा नियम मोडला, मांडवीकाठ दादा रागावू नका.

म्हाळसेला वेगळा दिवस ठेवला. त्या दिवशी दुसरं काहीच नाही, मंगेशी पण नाही. ओटी भरून झाल्यावर सासूबाई सभामंडपात खांबाला टेकून बसल्या त्या बसल्याच. मी घड्याळ बघितलं नाही. निघताना त्यांनी दोन वळेसर घेतले, एक स्वतःला, एक माझ्या केसात स्वतः माळला आणि म्हणाल्या, "आता मंगेशी पुढच्या वेळी."

आणि आता पुढची वेळ लगेचच आहे. साखळीला विठ्ठलापूरला वाळवंटी नदीत त्रिपुरारी पौर्णिमेला सजवलेल्या होड्या सोडतात हे सासऱ्यांना फेरीतल्या कुणीतरी सांगितलं, तर ते दोघंच परत येतायत. तिथे नदीकाठी उतरायला पायऱ्या किती आहेत, गाडी कुठपर्यंत जाते, आणि बाथरूम?