एनिअग्राममध्ये 'वन विंग टू' आलंय, मी परफेक्शनिस्ट की हेल्पर?

रिकामटेकडी:
लोकहो, ऑफिसच्या ट्रेनिंगमध्ये एनिअग्रामची टेस्ट घेतली, म्हणजे माणसांचे नऊ स्वभाव-टाइप सांगणारी ती पद्धत, माझं वन विंग टू आलं. म्हणजे मूळ टाइप १, परफेक्शनिस्ट, आणि त्याला शेजारच्या २ ची, हेल्परची झाक. १ चं वाचून लगेच पटलं पण २ शी माझा काय संबंध कळेना, मी काही गोडगोड बोलणारी बाई नाही. हां, दुसऱ्यांची कामं अंगावर घ्यायची खोड मात्र आहे. परवा नणंदेच्या मुलीचा अ‍ॅडमिशनचा फॉर्म भरून दिला, रात्री जागून, आणि मग मार्कशीट वाकडी स्कॅन केली म्हणून तिलाच झापलं. नवरा म्हणतो तुझी मदत घेणं म्हणजे परीक्षेला बसणं. एकाच माणसात हे दोन्ही कसं काय? आणि टू विंग वन पण असतो म्हणे, त्यात फरक काय?

गप्पिष्ट:
नऊ टाइप वर्तुळावर मांडलेले असतात आणि विंग फक्त शेजारचीच असते, त्यामुळे १ ला एकतर ९ नाहीतर २. विंग ९ वाले आपली तत्त्वं घेऊन जरा लांब बसतात, विंग २ वाले थेट लोकांच्या भानगडीत उतरतात. एनिअग्रामवर पुस्तकं लिहिणाऱ्या रिसो आणि हडसन यांनी वन विंग टू ला अ‍ॅडव्होकेट म्हटलंय आणि टू विंग वन ला सर्व्हंट. आता गंमत अशी की १ चा मूळ विषय राग, पण चांगल्या माणसाने रागवू नये असंही त्यालाच वाटतं, मग तो राग दाबला जातो आणि सूचना बनून बाहेर पडतो, आणि त्यात २ मिसळला की ती सूचना 'तुझ्या भल्यासाठीच सांगतेय' म्हणून येते. समोरच्याला धड चिडताही येत नाही, कारण तू रात्रभर जागलेली असतेस ना.

मेतकूट_भात:
फरक बघायचा तर आमच्या घरचं कार्य बघा. मावशी वन विंग टू. पंगतीत पोरं वाढत असली की ही मागून फिरणार, लिंबू मिठाच्या डावीकडे, भाजी उजवीकडे, अरे चटणी कुठे ठेवलीस, आणि दुसऱ्या मिनिटाला पातेलं हिच्याच हातात. थँक्यू नाही म्हटलं तरी चालतं तिला, पण कोशिंबीर उजवीकडे गेलेली महिनाभर निघते. आई टू विंग वन. तिला पानाचं काही पडलेलं नाही, पण कोणी न जेवता गेलं की जीव खालीवर, सगळ्यांना वाढून झाल्यावर 'तू बसलीस का गं' असं कोणी विचारलं नाही की संध्याकाळी तोंड एवढंसं. आणि स्वतःहून 'मला वाढा' म्हणणार नाही हां, ते तिला स्वार्थीपणाचं वाटतं. तो तिच्यातला १.

उगाच_शंका:
रंगाचा बेरंग करतो, सॉरी. हे नऊ टाइप ऑस्कर इचाझो आणि क्लाउदिओ नारान्हो यांच्याकडून १९७० च्या आसपास आले, चिली आणि मग कॅलिफोर्निया, प्रयोगशाळेतून नाही. संशोधनाचा आधार तोकडा आहे, त्यामानाने बिग फाइव्हवर, म्हणजे मानसशास्त्रातल्या पाच स्वभावगुणांच्या मॉडेलवर, कितीतरी जास्त काम झालंय. गप्पा मारायला छान, पण एचआरवाले यावरून टीम ठरवत असतील तर ताई जरा जपून.

रिकामटेकडी:
@उगाच_शंका टीम वगैरे काही नाही, समोसे खाऊन घरी पाठवलं आम्हाला 😄 @मेतकूट_भात तुमची मावशी म्हणजे मीच की! पण मग करायचं काय? मदत करायचीच नाही असं तर जमणार नाही मला.

गप्पिष्ट:
बंद कशाला करतेस. आधी विचारायचं, 'भरून देऊ की तू भर, मी फक्त एकदा बघू?' आणि ती 'मी भरते' म्हणाली तर खरंच उठून जायचं, खांद्यावरून डोकवायचं नाही. अजून एक, टेन्शनमध्ये १ वाले टाइप ४ सारखे वागायला लागतात म्हणतात, म्हणजे एवढं करून माझी कोणाला किंमतच नाही असं मनात कुढत बसणं. ते सुरू झालं की समज, न मागता बरंच काही अंगावर घेतलंयस, त्यातलं एखादं परत देऊन टाक, वाकडं झालं तर होऊ दे.

मेतकूट_भात:
मावशीला हे कोण सांगणार पण 😅 पुढच्या महिन्यात मुंज आहे घरी.