मदत हवी आहे: बाबांच्या शुगरसाठी ॲप घेतलं, पण त्याला आमची भाकर समजत नाही

पऱ्हाटीवाला

नमस्कार मंडळी. गाव दारव्हा तालुक्यात, जिल्हा यवतमाळ. घरी आम्ही पाच जण, कोरडवाहू शेती, कापूस आणि तूर. बाबांचं वय ५८. दिवाळीनंतर त्यांच्या पायाची जखम भरेना म्हणून तपासलं, तर उपाशीपोटी शुगर १६८ आणि तीन महिन्यांची सरासरी (एचबीए१सी) ८.१ टक्के निघाली. डॉक्टरांनी गोळी सुरू केली आणि खाण्यावर कंट्रोल ठेवा म्हणाले. कंट्रोल म्हणजे नेमकं काय, हे विचारेपर्यंत पुढचा पेशंट आत आला होता.

मी तालुक्याला ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान चालवतो, त्यामुळे घरातलं मोबाइलचं काम माझ्याकडे. खाण्याची नोंद ठेवणारं एक नावाजलेलं ॲप घेतलं, बाबांचं वय-वजन टाकलं आणि कामाला लागलो.

पहिल्याच दिवशी आईनं सांभारवडी केली होती. (विदर्भाबाहेरच्यांसाठी: आम्ही कोथिंबिरीला सांभार म्हणतो.) मी सांभारवडी लिहिलं, ॲपनं 'सांबार वडा, १ प्लेट' धरलं. दुसऱ्या दिवशी म्हटलं फोटोच काढू. पिठल्याचा फोटो काढला, तर 'मँगो कस्टर्ड' आलं. शुगरच्या माणसाच्या नावावर भरदुपारी कस्टर्ड! अंबाडीची भाजी नाही, चिवळ नाही, चुनवडी नाही. ओट्स मात्र अकरा प्रकारचे आहेत.

इथवर गंमत होती. खरा घोळ भाकरीत झाला. बाबा दुपारी दोन आणि रात्री दोन भाकरी खातात, वर थोडा भात. मी रोज 'ज्वारी रोटी, ४ नग' टाकत गेलो. संध्याकाळी ॲप सांगायचं, आज अजून ७०० कॅलरी बाकी आहेत. बाबांनी ते ऐकलं आणि खूश होऊन म्हणाले, "पाय, मोबाइलबी म्हणून रायला का अजून जेवा." आठ दिवस ते वाढीव अर्धी भाकर आणि गुळाचा खडा हक्कानं घेत होते. नवव्या दिवशी जेवणानंतरची शुगर २४६.

आता आई रुसली आहे, कारण तिच्या भाजीपुढे ॲप लाल पट्टी दाखवतं. "चाळीस वर्स रांधून घातलं थे लाल, अन् पाकिटातलं हिरवं," असं ती दिवसातून दोनदा ऐकवते.

विचारायचं असं की आपल्या खाण्याला चालणारं ॲप कुणी वापरलंय का? भाकरीचं माप कसं टाकता? आणि बाबा चहासोबत 'डायजेस्टिव्ह' बिस्किटं खातात, ती चालतात का? पुडा स्कॅन केला तर 'माहिती उपलब्ध नाही' येतं.

वर्धेची_सून

भाऊ, ॲपची चूक आहेच, पण तुमचीही आहे. 'नग' हे मापच नाही. शहरातली ज्वारीची रोटी फुलक्याएवढी असते, तीस-पस्तीस ग्रॅम पिठाची. तुमच्या आईची भाकर केवढी?

काटा आणायची गरज नाही. चक्कीवरून दळण आणलं की एक किलो पीठ वेगळ्या डब्यात काढा आणि आईंना सांगा, नेहमीसारख्याच भाकरी करा. डबा रिकामा होईपर्यंत किती झाल्या, ते मोजा. हजाराला त्या आकड्यानं भागलं की एका भाकरीचं पीठ निघालं. थापताना लागणारं पीठही त्याच डब्यातून घ्यायचं, ते विसरू नका. उंडा तोलू नका, त्यात पाणी असतं.

मग ॲपमध्ये 'ज्वारी रोटी' शोधायची नाही. 'ज्वारीचं पीठ' शोधायचं आणि ग्रॅम टाकायचे. बहुतेक ॲपमध्ये स्वतःचा पदार्थ साठवायची सोय असते, तिथे 'आईची भाकर' नावानं एकदा जतन करून ठेवा.

पऱ्हाटीवाला

ताई, आजच केलं. एका किलोत साडेदहा भाकरी झाल्या (अर्धी म्हणजे शेवटची, पुतण्यासाठी केलेली चानकी). म्हणजे एका भाकरीला ९५ ग्रॅम पीठ! मी आठ दिवस तिसराच हिस्सा मोजत होतो.

आकडेमोड

आता हिशेब बघा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०१७ मध्ये भारतीय अन्नघटकांचे तक्ते काढले, ५२८ पदार्थांचे. त्यात १०० ग्रॅम ज्वारीला ३३४ किलोकॅलरी आहेत, गव्हाच्या पिठाला ३२० आणि पांढऱ्या तांदळाला ३५६. म्हणजे तुमची एक भाकर ३१७ ची, चार भाकरी जवळपास पावणेतेराशेच्या. भात, तेल, चहा त्यापुढे.

शुगर झाली की 'पोळी सोडा, भाकर खा' असं सांगतात आणि माणूस भाकर पोटभर खातो. ज्वारी चांगलीच आहे, तंतू १० ग्रॅमच्या वर आहेत, तांदळात तीनसुद्धा नाहीत. पण गव्हाच्या न चाळलेल्या पिठातही ११ आहेत. तेव्हा ज्वारीला औषध समजू नका. ते धान्यच आहे.

याच संस्थेनं २०२४ मध्ये दिवसाच्या ताटाचा नमुना दिला आहे, २००० किलोकॅलरीचा. त्यात सगळं धान्य मिळून २५० ग्रॅम, डाळी वगैरे ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, तेल-तूप २७ ग्रॅम. तुमच्या बाबांचं धान्य नुसत्या भाकरीतच ३८० झालं. उलट भाजी किती होते, ते बघा. आपल्याकडे भाजी म्हणजे भाकरीला लावायपुरती.

संस्थेचं 'न्यूट्रिफाय इंडिया नाऊ' नावाचं ॲपही आहे. दिसायला साधं, पण आकडे आपल्या धान्याचे.

बांध_आणि_बाभूळ

वाचून करमणूक झाली. आमचे आजोबा चार-चार भाकरी आणि तेलाची धार असं खाऊन ऐंशी वर्षं जगले. ग्रॅम मोजत बसले नाहीत. मोबाइल बंद करा, घरचं खा, काही होत नाही.

वर्धेची_सून

दादा, तुमचे आजोबा डवऱ्यामागे (बैलांच्या कोळप्यामागे) दिवसभर चालायचे. यांचे बाबा वावरात कशानं जातात ते विचारा.

पऱ्हाटीवाला

गाडीनं. वावर सव्वा किलोमीटरवर आहे. डवरणी भाड्यानं करून घेतो, फवारणी मी आणि लहान भाऊ करतो. बाबा धुऱ्यावर बसून सूचना देतात.

उपकेंद्रातली_ताई

मी समुदाय आरोग्य अधिकारी आहे, उपकेंद्रात रोज हेच बघते. तीन गोष्टी आधी ऐका, ॲप नंतर.

गोळी चालू आहे ना? मग ॲप म्हणालं म्हणून जेवण एकदम निम्मं करू नका. काही गोळ्यांवर जेवण चुकलं की शुगर खाली जाते. कोणती गोळी आहे आणि जेवण कमी केलं तर तिचं काय करायचं, हे डॉक्टरांना विचारून घ्या. ॲपला ती गोळी माहीत नसते. उन्हात घाम फुटला, हात थरथरले, चक्कर आली, तर 'ऊन लागलं' समजून बसू नका. तीन चहाचे चमचे साखर पाण्यात घालून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा शुगर बघा. ७० च्या खाली म्हणजे कमी. वावरात जाताना त्यांच्या खिशात साखरेची पुडी असू द्या.

जखम भरली का, ते तुम्ही लिहिलंच नाही. पाय रोज बघा, तळवा आणि बोटांच्या बेचक्यासुद्धा. अनवाणी वावरात जाणं बंद.

आणि घरातल्या ३० वर्षांवरच्या सगळ्यांची तपासणी करून घ्या. आयुष्मान आरोग्य मंदिरात, म्हणजे आमच्यासारख्या उपकेंद्रात, ती मोफत होते. बाबांना आहे म्हणजे तुमचीही बघायला हवी.

पऱ्हाटीवाला

ताई, जखम आता सुकत आली आहे, ड्रेसिंग एक दिवसाआड. माझं वय ३१. येतो तपासायला.

छापील_अक्षरं

बिस्किटांचं सांगतो. स्कॅन करणारी ॲप लोकांनी भरलेल्या माहितीवर चालतात. 'ओपन फूड फॅक्ट्स' हे त्यातलं खुलं आणि फुकट आहे, २०१२ पासूनचं, फ्रान्समध्ये सुरू झालेलं. त्यात आपल्या तालुक्यात मिळणारे निम्मे पुडे सापडत नाहीत, पण फोटो काढून तुम्हीच भरू शकता. आठवडी बाजारातल्या खुल्या शेव-चिवड्याला तर बारकोडच नसतो.

त्यापेक्षा फोनचा कॅमेरा वापरा. पुड्याच्या मागच्या बारीक अक्षरांचा फोटो काढा आणि बोटांनी मोठा करा. इंग्रजी अडलं तर गूगल लेन्स मराठी करून देतं. घटक पदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहायचा नियम आहे. पहिल्या तिनांत मैदा, साखर, पामतेल दिसलं, तर पुढे काय लिहिलंय त्याला अर्थ नाही. 'डायजेस्टिव्ह' हे नाव आहे, औषध नाही. तक्त्यात 'प्रति सर्व्ह' सोडून '१०० ग्रॅममागे' बघा, सर्व्ह म्हणजे कधी कधी दोनच बिस्किटं धरलेली असतात. मीठ बघायचं तर सोडियमला अडीचनं गुणा.

'हेल्थ ड्रिंक'च्या बाबतीतही तेच. अन्नसुरक्षा कायद्यात तसा प्रकारच नाही, म्हणून एप्रिल २०२४ मध्ये केंद्रानं ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेयं त्या वर्गातून काढायला सांगितलं.

पऱ्हाटीवाला

पुडा बघितला. पहिला मैदा, दुसरं तेल, तिसरी साखर. गव्हाचा कोंडा चौथा. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मंग फुटाणेच देते ना." बाबा फुटाण्यांवर राजी आहेत, फक्त ते चहात बुडत नाहीत अशी तक्रार आहे.

आकडेमोड

तेल विचारायचं राहिलं. पिपा किती दिवस पुरतो?

पऱ्हाटीवाला

पंधरा किलोचा पिपा अडीच महिने. पाच माणसं.

आकडेमोड

१५,००० ला आधी ७५ नं आणि मग पाचानं भागा. ४० ग्रॅम येतात, माणशी, रोज. ताटात २७ सांगितलेत. वरच्या १३ ग्रॅमच्या ११७ किलोकॅलरी होतात. हे तुम्हाला कुठलंच ॲप सांगणार नाही, कारण भाजी नोंदवताना आपण तेल लिहीतच नाही. पिप्यावर आणल्याची तारीख लिहून ठेवा, बस.

धानपट्टा

भंडाऱ्याकडून. आमच्याकडे भाकर नाही, दोन्ही वेळा भात. त्यात ॲपची एक मेख आहे. 'तांदूळ' निवडला की कच्च्याचे आकडे, 'भात' निवडला की शिजलेल्याचे. शिजल्यावर वजन अडीच-तीन पट होतं. मी महिनाभर ताटातला भात तोलून तांदळात नोंदवत होतो, रोज चार हजार कॅलरी दिसायच्या. बायको म्हणाली, मग तुम्ही फुगले कसे नाही?

आणखी एक सांगतो, सात दिवस फुकट म्हणून कुठे यूपीआय ऑटोपे चालू केलं असेल तर आताच बंद करा. माझे तीन महिने पैसे कटले. ॲप काढून टाकलं तरी कटत राहतात, यूपीआयमध्ये जाऊन मँडेट (पैसे आपोआप कापायची परवानगी) रद्द करावं लागतं.

पऱ्हाटीवाला

बापरे, चालू होतं. बंद केलं. धन्यवाद भाऊ.

तीन आठवड्यांनी लिहितोय. सध्या चाललंय ते असं. ॲपमध्ये चारच गोष्टी भरतो: भाकर, भात, तेल, चहाची साखर. भाजीची नोंद बंद केली, त्यामुळे लाल पट्टी गेली आणि आईचा रुसवाही. डॉक्टरांना दाखवून आलो, गोळी तीच आहे, जेवण हळूहळू कमी करा म्हणाले. आई आता किलोत चौदा भाकरी करते. पहिल्या दिवशी बाबांनी भाकर उजेडात धरून विचारलं, "हे भाकर हाय का पापड?" दोन दिवस ताटावर बसून पुटपुटले, मग तुरीच्या दाण्याची आमटी वाढवल्यावर गप्प झाले. आता एका वेळी दोन पातळ भाकरी आणि भाजीची वाटी मोठी. रात्रीचा भात एक दिवसाआड. तेलाचा पिपा नवीन आणला, त्यावर खडूनं तारीख घातली, ती आईनं पुसून पुन्हा स्वतः मोठ्या अक्षरात लिहिली. जेवणानंतरची शुगर काल १८४ होती. मी पण उपकेंद्रात जाऊन आलो, माझी ठीक निघाली.

एक अडचण उरली. येत्या रविवारी वावरात रोडग्याचा (गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे गोळे) कार्यक्रम आहे, पन्नासेक माणसं. बाबांनी आधीच जाहीर केलंय की त्या दिवशी मोबाइल घरी ठेवायचा. माझं म्हणणं, नोंद नको, निदान अंदाज तरी असावा. रोडग्याला पीठ किती धरायचं?

वर्धेची_सून

आमच्याकडे किलोत आठ होतात. वरून सोडलेलं तूप वेगळं धरा.

उपकेंद्रातली_ताई

गोळी न विसरता सोबत न्या. आणि गोवऱ्यांच्या आराजवळ अनवाणी जाऊ देऊ नका.