नल, नॉट इन आणि रिकामी यादी: तुमचे अनुभव सांगा

कटिंगचहा
आज टीममधल्या नव्या मुलीने विचारलं, "सर, क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) बरोबर दिसतेय, पण एकही रो (नोंद) येत नाहीये." बघितलं तर नॉट इन, म्हणजे 'या यादीत नसलेले' अशी अट. लगेच एक जुनी पतसंस्था आठवली. थकबाकीदारांच्या रिपोर्टची क्वेरी अशी: सभासद क्रमांक नॉट इन (या महिन्याच्या पावत्यांतले सभासद क्रमांक). एका महिन्यात यादी कोरी आली. शंभर टक्के वसुली म्हणून मॅनेजरसाहेबांनी पेढे वाटले! वसुली अधिकारी डोकं खाजवत बसला, कारण टांग मारणारी मंडळी त्याला तोंडपाठ होती. झालं होतं असं, की काउंटरवर कुणीतरी किरकोळ जमेची पावती सभासद क्रमांक न घालताच फाडली होती. यादीत एक नल (म्हणजे किंमतच न भरलेली जागा) शिरला की 'हा क्रमांक नलपेक्षा वेगळा का' यावर डेटाबेस हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. 'माहीत नाही' म्हणतो, आणि वेअरमध्ये, म्हणजे क्वेरीच्या अटीत, तसली रो गळते. नॉट एक्झिस्ट्स ('अशी पावतीच नाही' ही अट) लावल्यावर थकबाकीदार हजर.

पॅरामीटरमधून (क्वेरीत प्रश्नचिन्ह ठेवून बाहेरून भरायची किंमत) नल किंवा यादी पाठवताना तुम्ही काय काय पाहिलंत? येऊ द्या.

मिसळ_जास्त_तर्री
पेढे साधे की कंदी?

सातारी_बाणा
कंदीच असणार. बाकीच्यांना आम्ही पेढे म्हणत नाही.

खिडकीसीट
लोकलमधून टाइप करतेय, सांभाळून घ्या. मायएसक्यूएल डेटाबेस. आधीच्या माणसाने इन (?) लिहून एकाच प्रश्नचिन्हात '१२,१५,१९' अशी अख्खी स्ट्रिंग, म्हणजे सलग मजकूर, पाठवली होती. एरर येतच नाही हो! कॉलम आकड्यांचा असला की स्ट्रिंगच्या सुरुवातीचा आकडा धरतं, पुढचं सोडून देतं. म्हणजे फक्त १२. गोडाऊनमधून रोज फोन, "ताई, चलनावर एकच आयटम का छापतंय?" यादीत जितके आकडे तितकी प्रश्नचिन्हं केली, फोन बंद. दादर आलं, बाकी नंतर.

जुनाखोड
ओरॅकल डेटाबेसवाले कुठे गेले? जुन्या व्हर्जनांत इनमध्ये १००० च्या वर गेलात की ओआरए-०१७९५ ही एरर, अनेक वर्षं हीच कथा होती. लोक हजार-हजारचे तुकडे पाडून ऑर लावत बसायचे. आम्ही टेंपररी टेबलात भरून जॉइन करायचो, कटकट नाही. आणि तिथे रिकामी स्ट्रिंग म्हणजेच नल. मधलं नाव = ? मध्ये रिकामं पाठवा आणि बसा वाट बघत.

आर्या_पुणेरी
मधल्या नावाचा विषय काढूच नका. लग्नानंतर कुठे वडिलांचं, कुठे नवऱ्याचं. पॅनवर एक, बँकेत दुसरं. माझ्यासाठी तो कॉलम नलच बरा.

जुनाखोड
+१. आमच्या ही चं आधारवरही तेच 😄

रात्रपाळी
पोस्टग्रेस डेटाबेस. सर्च स्क्रीनसाठी सगळे लिहितात तेच: (? इज नल ऑर शहर = ?), म्हणजे शहर दिलं नसेल तर सगळी. पहिल्याच प्रश्नचिन्हावर रडतं, पॅरामीटरचा टाइप (मजकूर की आकडा) ठरवता येत नाही म्हणून. बरोबर आहे त्याचं, नुसत्या 'इज नल' वरून त्याला टाइप कसा कळणार? कास्ट टाकायचा, म्हणजे टाइप आपणच सांगायचा, ?::टेक्स्ट. हायबरनेट (जावातली डेटाबेसची लायब्ररी) असेल तर आणखी मजा. नल गेला की लोअर(बायटीए) नावाचं फंक्शन नाही म्हणतं. आमच्याकडे एकजण अर्धा दिवस बायटीए कॉलम शोधत होता. टेबलात असा कॉलमच नाही, तो पोस्टग्रेसचा बाइट्सचा टाइप! मी तर म्हणतो नल असेल तर ती अटच क्वेरीत जोडू नका. कोड थोडा वाढतो, पण क्वेरी चालवायचा प्लॅनही नीट बनतो.

कोकणकन्या
@रात्रपाळी मान्य. पायथनवाल्यांसाठी: रिकामं टपल (यादीचाच एक प्रकार) दिलं की 'इन ()' होतं आणि सिंटॅक्स एरर. त्यापेक्षा = एनी(%एस) ला ('यातला कुठलाही'; %एस म्हणजे इथलं प्रश्नचिन्ह) लिस्ट द्या. रिकामी असली तर शून्य रो, भांडण नाही. पण उलट बाजू जपा! <> ऑल ला ('यातल्या सगळ्यांपेक्षा वेगळा') रिकामी लिस्ट गेली की सगळ्याच रो येतात. आमच्या इथे 'यांना सोडून बाकीच्यांना मेसेज पाठवा' होतं, लिस्ट रिकामी आली, मेसेज अख्ख्या गावाला. कुकर झाला, पळते.

मिसळ_जास्त_तर्री
तो दिवाळीच्या डिस्काउंटचा मेसेज तुमचाच का? मला तीनदा आला.

कोकणकन्या
😂 तो नाही. आमचा थकीत हप्त्याचा होता. ज्यांनी आदल्याच दिवशी भरला त्यांनी काय काय ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही.

सिंगापूरकर
सी शार्प. पॅरामीटरला नल दिला की 'पॅरामीटर पुरवलाच नाही' म्हणतं. पुरवलाय की बाबा! डीबीनल.व्हॅल्यू द्यावं लागतं. आणि एसक्यूएल सर्व्हर डेटाबेसला एका कॉलमध्ये २१०० पॅरामीटरची मर्यादा. महिनाअखेरच्या मोठ्या यादीवर आपटलो होतो. यावर कुणी काय केलंय?

रात्रपाळी
टेबल व्हॅल्यूड पॅरामीटर, अख्खी यादी टेबल म्हणून एकाच पॅरामीटरमधून. २००८ पासून आहे. त्याचा टाइप बनवायला डीबीए (डेटाबेस सांभाळणारे) लोक परवानगी देत नसतील तर यादी जेसन मजकूर म्हणून पाठवून ओपनजेसनने उलगडा, त्याला २०१६ किंवा त्यापुढचं व्हर्जन लागतं.

सिंगापूरकर
डीबीए परवानगी देत नाहीत हे कसं ओळखलंत? जेसनच करून बघतो.