जळगावात संक्रांतीच्या आठवड्यात: लांडोरखोरी की मेहरूण तलाव?

अमळनेरची लेक

नमस्कार मंडळी. माझं माहेर अमळनेरचं, पण लग्न झाल्यापासून डोंबिवलीत. संक्रांतीला चार दिवस जळगावला मावसबहिणीकडे येतोय. सोबत आई, वय ७२, गुडघे दुखतात पण झाडाखाली बसायला मिळालं की खूश असते. आणि मुलगा, ७ वर्षांचा. त्याला पिसारा फुलवलेला मोर बघायचाय आणि पतंग उडवायचाय, कारण आमच्या सोसायटीच्या गच्चीला कायम कुलूप. बहिणीनं लांडोरखोरीचं वनोद्यान आणि मेहरूण तलाव ही दोन नावं सुचवली. आईला झेपेल असं कुठलं? आणि पतंग कुठे उडवता येईल?

केळीवाला

ताई, मेहरूणला जा. तलावाच्या काठाकाठानं सपाट ट्रॅक आहे, रिक्षा जवळपर्यंत जाते. स्वेटर, कानटोपी घ्या, डोंबिवलीच्या हिशोबानं येऊ नका. या दिवसांत आमच्या रावेरकडे थंडीनं केळीची पानं पिवळी पडतात. आणि मेहरूणची बोरं सोडू नका, हंगाम तोच आहे.

मोहाडी रोड

ताई, मी निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी लांडोरखोरीत फिरतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आईंना दोन्हीकडे न्या, पण वेगवेगळ्या दिवशी. लांडोरखोरी मोहाडी रोडला, वनविभागाची. तिथे आत फार चालत बसू नका. थोडं आत जाऊन एखाद्या निंबाखाली आईंना बसवा आणि अर्धा तास कुणीही बोलू नका. गलका करत जाणाऱ्यांना तिथे काही दिसत नाही आणि मग ते बाहेर येऊन सांगतात की आत नुसती झाडंच आहेत. बसलं की आधी सातभाई पक्षी येतात, पाचोळा उलथत, आपसात भांडत. मग कोतवाल पक्षी. नशीब असलं तर मुंगूस वाट ओलांडून जातं. रविवारी संध्याकाळी मात्र जाऊ नका, गर्दी असते. साधा वार आणि सकाळ. डबा घरी आल्यावर खा, आत नको.

मोराचं मुलाला आधीच सांगून ठेवा, नाहीतर हिरमुसेल. पावसाळा सरता सरता मोराची लांब पिसं गळून पडतात, जानेवारीत ती अजून वाढतीच असतात. पिसारा फुलवून नाचणं बघायचं तर जून-जुलैत या. पण त्याच्यासाठी दुसरी गंमत आहे. वाटेच्या कडेला मऊ फुफाट्यात परातीएवढे उथळ खळगे शोधायला सांगा. मोर-लांडोरी तिथे धुळीत लोळून अंग साफ करतात. खळग्याच्या काठावर पुढच्या तीन बोटांचा ठसा असतो, माझ्या हाताच्या पंज्याएवढा. एक सापडला की पोरं पुढचा शोधत सुटतात.

आता पतंगाचं. हे जरा कळकळीनं सांगतो. तलावाजवळ किंवा झाडीजवळ पतंग नको. दोन वर्षांपूर्वी करीच्या दिवशी तलावाजवळच्या बाभळीला एक गायबगळा उलटा लटकलेला दिसला. पंखाच्या सांध्यात मांजा रुतला होता. पक्षी जेवढा फडफडत होता तेवढा दोरा आत जात होता. मी घाईत दोरा ओढला आणि तीच माझी चूक झाली. कातडी फाटली. संध्याकाळपर्यंत तो गेला. पांढऱ्या पिसांवर हिरवा दोरा, तो रंग अजून डोळ्यांपुढे येतो.

तेव्हापासून खिशात छोटी कात्री असते. दोरा ओढायचा नाही, जखमेच्या दोन्ही बाजूंना कापायचा आणि रुतलेला तुकडा डॉक्टरवर सोडायचा. पक्ष्याला भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात ठेवायचं, तोंडात पाणी ओतायचं नाही, आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करायचा. नायलॉन मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ मध्येच देशभर बंदी घातली, तरी तो मिळतो. सुती दोरा ऊन-पावसात कुजून जातो, नायलॉन वर्षानुवर्षं फांदीवर राहतो. संध्याकाळी थव्यानं परतणारे बगळे आणि रात्री उडणारी घुबडं त्यात सापडतात.

मुलानं पतंग जरूर उडवावा. बहिणीच्या ओळखीत कुणाचं शेत असेल तर कापणी झालेल्या वावरात, दुपारी, साध्या सुती दोऱ्यानं. सूर्य कलायच्या आत खाली उतरवा.

केळीवाला

मोहाडी रोड काका म्हणतात ते खरं आहे. माझ्या चुलतभावाच्या गळ्याला मोटारसायकलवर असताना मांजा लागला होता, सात टाके पडले. वावर नसलं कुणाचं तर आमच्याकडे या, रावेरला.

अमळनेरची लेक

आज परत आलो, म्हणून लिहितेय. लांडोरखोरीत आई निंबाखाली तासभर बसली. टिटवी ओरडली तशी म्हणाली, "आमच्या मळ्यात हिची अंडी नांगराच्या तासात असायची, बाबा बैल वळवून घ्यायचे." हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. मोर लांबून एकच दिसला, आखूड पिसांचा. खळगे मात्र पाच सापडले. एका खळग्यापाशी चिरंजीव पालथे पडून ठशावर आपला हात ठेवून मोजत होते.

पतंग बहिणीच्या दिरांच्या वावरात उडवला. मेहरूणला गेलो तेव्हा त्यानं बोरं खाता खाता ट्रॅकच्या कडेचा, झुडपांत अडकलेला मांजा गोळा करायला सुरुवात केली. मी हात कापेल म्हणून ओरडले, तर कानटोपी हातात घालून गोळा करत राहिला. काडीला गुंडाळून लिंबाएवढा गुंडा झालाय, तो आता इथे डोंबिवलीत टेबलावर आहे. याचं काय करायचं?

मोहाडी रोड

तसाच कचऱ्यात टाकू नका, डेपोवर घारी आणि गाई-कुत्र्यांच्या पायांत जातो. गुंडा काडीवरून न सोडता कात्रीनं आडवा कापा, बोटभर तुकडे होतील. ते जुन्या बाटलीत भरा, बूच घट्ट लावा आणि मग सुक्या कचऱ्यात द्या. कात्री त्याच्या हातात देऊ नका, बूच त्याला लावू द्या.