शेडिंगला मराठीत काय म्हणता : छटा, छाया की झाक?

१:३५ मापाची (खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढी) रणगाड्यांची मॉडेल्स एअरब्रशने, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनने, रंगवायची पद्धत मराठीत लिहून काढतोय. बेस कोटला, म्हणजे मुख्य रंगाच्या थराला, 'हात' म्हटलं की काम भागतं, भिंतीलाही आपण पहिला हात दुसरा हात म्हणतोच. पण शेडिंगपाशी अडतंय. छटा, छाया, झाक तिन्ही 'शेड'साठी वापरलेले दिसतात, नेमका कुठला कुठे घ्यायचा?

— तिन्ही घ्या, कारण तिघांची कामं वेगळी आहेत. छटा म्हणजे त्याच रंगाची फिकी किंवा गडद पायरी, छाया म्हणजे उजेड न पोचल्यामुळे आलेला काळोख, आणि झाक म्हणजे दुसऱ्याच रंगाचा हलका अंश, निळसर झाक म्हणतो तसा. आता जर्मन रणगाड्यांचा गडद राखाडी घ्या, आरएएल या जर्मन रंगयादीतला क्रमांक ७०२१. १९४० च्या उन्हाळ्यापासून सगळी गाडी याच एका रंगात असायची, १९४३ च्या फेब्रुवारीत गडद पिवळा आला तोपर्यंत. हा मुळातच काळ्याकडे झुकणारा, छोट्या मॉडेलवर तसाच मारला तर बोल्ट, वेल्डच्या रेघा, झाकणांच्या कडा काही म्हणजे काही दिसत नाही, म्हणून तो मुद्दाम फिका करून मारतात. इथे शब्द छटाच, 'एक छटा फिका'.

— मग प्री-शेडिंग म्हणजे 'आधीची छाया' म्हणू का?

— हो, छान बसतं. सांध्यांवर, बुरुजाखाली (तोफेच्या फिरत्या घुमटाखाली), चाकांच्या वरच्या भागात आधी काळा मारायचा आणि त्यावर बेसचे पातळ हात असे द्यायचे की खालचा काळा जरासा डोकावत राहील. गडद राखाडीत मात्र ही छाया पटकन बुडते, दोन हात जास्त झाले की संपलीच, त्यामुळे या रंगाला मला 'नंतरची छाया', म्हणजे बेसनंतर वरून मारलेली (पोस्ट-शेडिंग), जास्त भरवशाची वाटते. आणि मॉड्युलेशनला छाया म्हणू नका हं, तिथे प्रत्येक पत्र्याची वरची कड फिकी आणि खालची गडद करत नेतात, ती 'चढती-उतरती छटा'.

— झाक राहिली की. फिल्टर मारतो ना आपण, एकदम पातळ निळा किंवा तपकिरी सगळ्या गाडीवरून, ती झाक. वॉशला, म्हणजे पातळ केलेल्या गडद रंगाला, वॉशच राहू द्या, तो सगळीकडे बसत नाही, खाचेत आणि बोल्टभोवती उतरतो.

— अजून एक, कुठे 'ग्रे बेस' असं लिहिणार असाल तर ते मोघम आहे. प्रायमरही ग्रे असतो आणि वरचा रंगही, वाचणारा गोंधळतो. प्रायमरला सरळ 'अस्तर' लिहा, रंगकामात तो शब्द आहेच. आणि 'करडा' नको, 'राखाडी'च ठेवा, करडा म्हटलं की मला तरी मातकट रंग दिसतो.

— पटलं सगळं. एक वाक्य लिहून बघतो : 'अस्तर वाळलं की रंग दुधाइतका पातळ करून, हवेचा दाब एक बारच्या आसपास ठेवून राखाडीचे पातळ हात द्या, मग त्याचीच फिकी छटा पत्र्यांच्या मधोमध मारा, कडांना हात लावू नका, तिथली छाया राहू द्या.'

— 'कडांना हात लावू नका' मध्ये हात दोन अर्थांनी वाचला जाईल, 'कडा सोडून द्या' करा. बाकी मस्त.