फेरिकपासून थेट लोखंड: ई नॉटची बेरीज का चुकते?

प्रश्न:
प्रवेश परीक्षेची तयारी करतोय, इलेक्ट्रोकेमिस्ट्रीच्या एकाच गणितात तीन दिवस अडकलोय. फेरिक (Fe³⁺) ते फेरस (Fe²⁺) ई नॉट, म्हणजे प्रमाण इलेक्ट्रोड विभव, +०.७७ व्होल्ट आणि फेरस ते लोखंड −०.४४ व्होल्ट दिलंय. फेरिक ते लोखंड काढायचंय. मी बेरीज केली, ०.३३ आलं. पर्यायांत ०.३३ आहे, पण उत्तर −०.०३७ दिलंय. सेलसाठी आपण कॅथोडमधून अ‍ॅनोड सरळ वजा करतो. तिथे चालतं, मग इथे का नाही? नुसतं सूत्र नको, कारण सांगा.

उत्तर:
०.३३ तिथे मुद्दाम ठेवलेलं असतं. बारावीत मीही त्यावरच खूण केली होती, म्हणून सविस्तर लिहितो.

व्होल्ट म्हणजे दर कुलंबमागची ऊर्जा. तो भाव आहे, एकूण रक्कम नाही. एक किलो एका भावाने आणि दोन किलो दुसऱ्या भावाने घेतले, तर सरासरी भावासाठी आपण एकूण रक्कम काढून तीनने भागतो. इथे किलोच्या जागी इलेक्ट्रॉन: पहिल्या पायरीत एक, दुसरीत दोन. बेरीज होते ती डेल्टा जीची, म्हणजे मुक्त ऊर्जेतल्या बदलाची, आणि डेल्टा जी = −एन × एफ × ई (एन म्हणजे इलेक्ट्रॉनांची संख्या, एफ म्हणजे फॅरडे स्थिरांक). एफ आणि उणे चिन्ह सगळीकडे सारखंच, म्हणून फक्त एन × ई बघ: १ × ०.७७ = ०.७७, २ × (−०.४४) = −०.८८. बेरीज −०.११, भागिले ३, म्हणजे −०.०३७.

सेलमध्ये अ‍ॅनोडने सोडलेले सगळे इलेक्ट्रॉन कॅथोड घेतो. दोन्हीकडे एन एकच, तो कटतो आणि वजाबाकी उरते. अ‍ॅल्युमिनियम-चांदीचा सेल घे: ०.८० − (−१.६६) = २.४६ व्होल्ट. समीकरण जुळवायला चांदीला ३ ने गुणलंस तरी ०.८० ला गुणू नकोस. नर्न्स्ट समीकरणात (संहतीनुसार सेलचं व्होल्टेज काढायचं) मात्र एन ३ आणि चांदीच्या आयनांच्या संहतीचा घन घ्यायलाच हवा. मुलं नेमकं उलट करतात.

ओळखायचं कसं? शेवटच्या समीकरणात इलेक्ट्रॉन उरले तर डेल्टा जी, नाही उरले तर वजाबाकी.

आणखी एक उत्तर:
वेळ कमी असेल तर आधी अंदाज बांध. ०.७७ आणि −०.४४ चा मध्य ०.१६५. दोन इलेक्ट्रॉन −०.४४ च्या बाजूला आहेत, म्हणजे उत्तर मध्याच्या खालीच येणार. ०.३३ आकडेमोड न करताच बाद. तांब्यात तर आणखी स्पष्ट दिसतं: क्युप्रिक (Cu²⁺) ते क्युप्रस (Cu⁺) ०.१६, क्युप्रस ते तांबं ०.५२, दोन्हीकडे एकेक इलेक्ट्रॉन. सरासरी ०.३४, म्हणजे आपला रोजचा तांब्याचा आकडा. बेरजेने ०.६८ आलं असतं.

प्रश्नकर्ता:
पटलं! लगेच परमँगनेटवर करून पाहिलं. मँगनीज डायऑक्साइडपर्यंत ३ इलेक्ट्रॉन, १.६९, तिथून मँगनीज आयनापर्यंत २ इलेक्ट्रॉन, १.२३. (५.०७ + २.४६) भागिले ५ = १.५०६. कोष्टकात १.५१ आहे!